पद्धतींची नावं पाठ आहेत, पण संशोधनाला हात कुठून घालायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ग्रंथालय व माहितीशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात संशोधन पद्धतींचा पेपर झाला. वर्णनात्मक, ऐतिहासिक, प्रायोगिक यांच्या व्याख्या लिहिता येतात, नमुना निवडीचे प्रकार सांगता येतात. लघुप्रबंधासाठी ‘वाचकांचे समाधान’ हा विषय घेतलाय, प्रश्नावली करायची हेही ठरलंय, आणि तिथे गाडी अडली आहे. आता आधी संख्याशास्त्र शिकावं, सॉफ्टवेअर शिकावं की आणखी पुस्तकं वाचावीत, आणि एकूण वेळ किती लागेल, हे तुम्हाला हवंय.

गाडी अडली कारण प्रश्न ठरायच्या आधीच साधन ठरलं. पाठ्यपुस्तकं पद्धतींपासून सुरू होतात, म्हणून आपणही ‘कोणती पद्धत घेऊ’ असं विचारतो आणि हाताशी असते ती प्रश्नावली उचलतो. पद्धतींची नावं ओळखणं आणि त्यांतून निवड करणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. दुसरं वाचून फारसं येत नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. देवघेवीच्या नोंदी संगणकात आहेत की वहीत, त्या पाहायची परवानगी मिळेल का, मार्गदर्शकांची अपेक्षा काय, हातात तीन महिने आहेत की नऊ, यावरून खालच्या सल्ल्यातलं काय घ्यायचं ते ठरेल. क्रम मात्र बहुतेकांना हाच लागू पडतो.

सगळ्यात आधी कोरा कागद घ्या आणि अभ्यास पूर्ण झाल्यावर हातात जो तक्ता असेल तो आजच रिकामा आखा. त्यातली एक आडवी ओळ म्हणजे काय? उभे रकाने कोणते? ‘वाचकांचे समाधान’ या शब्दांवरून ओळ ठरतच नाही. ओळ म्हणजे एक वाचक असेल, ग्रंथालयाची एक भेट असेल, संदर्भ कक्षात विचारलेला एक प्रश्न असेल, संगणकीय तालिकेत (पुस्तकांच्या यादीत) केलेला एक शोध असेल किंवा एक पुस्तक असेल. ओळ बदलली की अभ्यास बदलतो. ओळ म्हणजे ‘एक शोध’ धरलीत तर रकाने होतात: टंकलेले शब्द, मिळालेल्या निकालांची संख्या, निकाल शून्य असेल तर पुढे वाचकाने काय केलं. मग शून्य निकालांची वर्गवारी करता येते: टंकलेखनाची चूक, वेगळ्या लिपीत किंवा वेगळ्या वर्णलेखनात शोध, विषयशीर्षकाशी न जुळणारा शब्द, आणि पुस्तक खरोखरच संग्रहात नसणं. या चार कारणांचे उपाय चार वेगळे आहेत, म्हणून असा तक्ता ग्रंथपालाच्या उपयोगी पडतो. ‘७८ टक्के वाचक समाधानी आहेत’ या वाक्याचं ग्रंथपालाने काय करायचं?

समाधान आणि सेवेचा दर्जा यांत गल्लत होते, ती वेगळी सांगते. पीटर हर्नन आणि चार्ल्स मॅक्लुअर यांनी १९८६ मध्ये संदर्भसेवेच्या, म्हणजे वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं शोधून देण्याच्या सेवेच्या, छुप्या चाचण्यांचे निष्कर्ष मांडले. आधीच उत्तर माहीत असलेले प्रश्न, परीक्षा चालू आहे हे कळू न देता, साध्या वाचकाच्या रूपात जाऊन विचारले गेले. बरोबर उत्तरं निघाली सुमारे ५५ टक्के. हसतमुखाने चुकीचं उत्तर मिळालेला वाचक मात्र प्रश्नावलीत ‘समाधानी’वरच खूण करतो, कारण उत्तर चुकलंय हे त्याला ठाऊक नसतं. तेव्हा तुम्हाला वाचकाची भावना मोजायची आहे की सेवेची अचूकता, हे तक्ता आखतानाच ठरवा.

सरावासाठी पहिला अभ्यास माणसांवर करू नका, पुस्तकांवर करा. पुस्तकं प्रतिसाद द्यायला नकार देत नाहीत आणि चूक झाली तर पुन्हा मोजता येतं. प्रश्न साधा घ्या: गेल्या तीन वर्षांत किती पुस्तकं एकदाही बाहेर गेली नाहीत, आणि ती कोणत्या विषयांतली आहेत? समजा दाखल नोंदवहीत (संग्रहात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमवार नोंद असते तिच्यात) २४,००० नोंदी आहेत आणि तुम्हाला ४०० पुस्तकं हवीत. दहा टक्के नोंदी रद्द झालेल्या असतील असा अंदाज असेल तर ४४५ काढाव्या लागतील. २४,००० भागिले ४४५ म्हणजे सुमारे ५३.९, अपूर्णांक सोडून दर ५३वी नोंद. सुरुवात १ ते ५३ मधल्या चिठ्ठीने काढलेल्या आकड्यापासून. १९ निघाला तर १९, ७२, १२५ असं पुढे. रद्द नोंद आली तर तिच्या शेजारचं पुस्तक उचलायचं नाही. ‘रद्द’ लिहून पुढे जायचं. शेजारचं घेतलं की कोणत्या पुस्तकाला निवडलं जाण्याची किती संधी होती याचा हिशेब बिघडतो.

नमुना शेल्फवरून काढण्याचा मोह होतो, आणि हीच सगळ्यात नेहमीची चूक. शेल्फवर उभं राहून दर विसावं पुस्तक घेतलंत, तर त्या दिवशी वाचकांच्या घरी असलेली पुस्तकं नमुन्यात येणारच नाहीत. सर्वांत जास्त वाचली जाणारी पुस्तकं तीच. म्हणजे ‘न वापरलेल्या’ पुस्तकांचं प्रमाण आपोआप फुगणार. नोंदवहीवरून काढतानाही एक धोका आहे: एकाच पुस्तकाच्या प्रती लागोपाठ दाखल होतात. दहा-दहा प्रतींचे गठ्ठे असतील आणि तुमचं अंतरही दहाच्या पटीत असेल, तर नमुन्याला लय लागते. म्हणून ५० किंवा ६० पेक्षा ५३ बरं.

रकाने: दाखल क्रमांक, वर्गांक, दाखल वर्ष, प्रतींची संख्या, गेल्या तीन वर्षांतली देवघेव, शेवटची तारीख, प्रत जागेवर सापडली का. यातला प्रत्येक रकाना कुठे ना कुठे दगा देतो. नूतनीकरण ही नवी देवघेव म्हणून मोजली गेली आहे का ते पाहा; एकच वाचक पुस्तक चारदा वाढवून घेतो आणि आकडा पाच दिसतो. संगणक प्रणाली बदलली असेल तर जुने आकडे पुसले गेलेले असतात, आणि तुम्हाला दिसणारं शून्य हे प्रणालीचं वय असतं. दहा वर्षांपूर्वीचं आणि गेल्या वर्षीचं पुस्तक एकूण देवघेवीवर तोलता येत नाही, म्हणून ठरावीक काळाची खिडकी हवी आणि तीन वर्षांहून नव्या नोंदी वेगळ्या काढायला हव्यात. हरवलेलं पुस्तक बाहेर जाऊच शकत नाही. ते ‘वाचकांनी नाकारलेलं’ समजू नका.

पिट्सबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या विषयात वारंवार सांगितला जातो. ॲलन केंट आणि सहकाऱ्यांना असं दिसलं की १९६९ मध्ये दाखल झालेल्या पुस्तकांपैकी जवळजवळ ४० टक्के पुस्तकं पहिल्या सहा वर्षांत एकदाही बाहेर गेली नव्हती. त्यावर बराच वाद झाला. ग्रंथालयातच बसून केलेलं वाचन यात कितपत पकडलं गेलं, हा त्यातला एक मुद्दा. तुमच्या छोट्या अभ्यासालाही तोच आक्षेप येईल. उपाय म्हणून टेबलांवर सोडलेली पुस्तकं जागेवर लावण्याआधी मोजा, निदान दोन आठवडे, त्यातला एक गर्दीचा आणि एक मंदीचा. वाचक पुस्तक स्वतःच परत ठेवतात, त्यामुळे हा आकडाही कमीच येणार. तो किमान वापर म्हणून मांडा.

देवघेवीचे आकडे हातात आले की सरासरी काढायची घाई करू नका. थोडी पुस्तकं खूप फिरतात आणि पुष्कळ पुस्तकं जागची हलत नाहीत. रिचर्ड ट्रूसवेल यांनी १९६९ मध्ये ग्रंथालयांसाठी मांडलेलं ८०-२० चं सूत्र, म्हणजे साधारण ८० टक्के देवघेव २० टक्के पुस्तकांचीच होते, हेच सांगतं. अशा आकड्यांत सरासरी दोन-चार लोकप्रिय पुस्तकांमागे धावते. मध्यक (आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) द्या, आणि शून्य, एक, दोन ते पाच, सहा किंवा अधिक असे गट पाडून प्रत्येकात किती पुस्तकं ते दाखवा. एवढं केलंत तर संख्याशास्त्राची निम्मी भीती जाते, कारण प्रत्येक आकड्यामागचं पुस्तक तुम्ही पाहिलेलं असतं.

आता प्रश्नावलीकडे येऊ, कारण मार्गदर्शक बहुधा तीच मागतील.

पहिला सवाल, ती कोणाला देणार? दारात उभं राहून येईल त्याला देणं सोपं. पण हिशेब पाहा. समजा १०० वाचक आठवड्यातले पाचही दिवस येतात आणि ४०० वाचक आठवड्यातून एकदा येतात. एका दिवशी दारात तुम्हाला भेटतील ते १०० रोजचे आणि सुमारे ८० कधीमधी येणारे. एकूण १८०. रोज येणारे एकूण वाचकांत २० टक्के आहेत, पण तुमच्या कागदांवर ते ५६ टक्के झाले. रोज येणारा माणूस बऱ्यापैकी समाधानी असतो, म्हणून तर रोज येतो. उपाय एका ओळीचा आहे: ‘आज धरून गेल्या सात दिवसांत किती दिवस आलात?’ हा प्रश्न ठेवा आणि प्रत्येक उत्तराला एक भागिले तेवढे दिवस इतकं वजन द्या. वरच्या उदाहरणात १०० गुणिले एक-पंचमांश म्हणजे २० आणि ८० गुणिले एक म्हणजे ८०. प्रमाण पुन्हा खऱ्यावर येतं. जे सभासद येतच नाहीत ते मात्र दारात कधीच भेटणार नाहीत. त्यांच्याबद्दल बोलायचं असेल तर नमुना सभासदांच्या यादीतून काढा, नाहीतर शीर्षकातच ‘ग्रंथालयात येणाऱ्या वाचकांचे’ असं लिहून मोकळे व्हा. दोन्ही मार्ग प्रामाणिक आहेत.

किती जण? नमुना किती मोठा हवा यासाठी क्रेजी आणि मॉर्गन यांचा १९७० चा तक्ता सगळे वापरतात: १,००० सभासदांना २७८, १०,००० ना ३७०, एक लाखाला ३८४. हे आकडे तीन अटींवर उभे आहेत. निवड यादृच्छिक (चिठ्ठी टाकून काढल्यासारखी) हवी, अंदाज एका टक्केवारीचा हवा आणि त्यात पाच टक्के इकडेतिकडे चालणारं हवं. शिवाय ही संख्या उत्तर देणाऱ्यांची आहे. वाटलेल्या कागदांची नव्हे. ३८४ जणांना सहा विभागांत वाटून तुलना केलीत तर विभागाला ६४ येतात आणि चूक सुमारे १२ टक्क्यांवर जाते. मग ‘वाणिज्य शाखेत ६१ आणि विज्ञान शाखेत ६६ टक्के समाधानी’ या फरकाला काही अर्थ उरत नाही. ४०० प्रश्नावल्या पाठवून ९० परत आल्या, तर नमुन्याचा तक्ता दाखवून सुटका नाही. एकेका आठवड्याच्या अंतराने दोन स्मरणपत्रं पाठवा, उशिरा उत्तर दिलेल्यांची उत्तरं आधीच्यांशी ताडून पाहा, आणि सभासद नोंदणीतलं वय, वर्ग, शाखा यांचं प्रमाण परत आलेल्या कागदांशी जुळतं का ते तपासा. जुळत नसेल तर तसं लिहा.

प्रश्नांच्या शब्दांवर जितका वेळ घालवाल तितका थोडा. ‘ग्रंथालयाची वेळ आणि कर्मचाऱ्यांचं सहकार्य समाधानकारक आहे का?’ हे दोन प्रश्न आहेत, आणि ‘नाही’ आलं तर कशाला ते कळणार नाही. ‘गेल्या वर्षात किती वेळा आलात?’ हे कोणालाच आठवत नाही, लोक गोल आकडा फेकतात. ‘गेल्या सात दिवसांत’ असं विचारा. ‘ई-पुस्तकं उपलब्ध करून दिली तर वापराल का?’ याला सगळे हो म्हणतात, त्यावरून खरेदी ठरवू नये. पाच पायऱ्यांच्या मोजपट्टीची सरासरी ३.८ आली, यापेक्षा किती जणांनी सर्वांत खालच्या दोन पायऱ्यांवर खूण केली हे अधिक सांगून जातं.

एक प्रश्न मी जवळजवळ प्रत्येक प्रश्नावलीत घालायला सांगते. जॉन फ्लॅनागन यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या महत्त्वाच्या प्रसंगांच्या तंत्रावर तो बेतलेला आहे: ‘शेवटच्या वेळी ग्रंथालयात काही शोधायला गेलात आणि ते मिळालं नाही, असा प्रसंग सांगा. काय हवं होतं, काय केलंत, पुढे काय झालं?’ मत विचारलं की लोक सौजन्य दाखवतात, प्रसंग विचारला की तपशील देतात.

छापण्यापूर्वी पाच-सहा जणांना समोर बसवून, मोठ्याने विचार करत प्रश्नावली भरायला सांगा. ‘संदर्भसेवा’ हा शब्द आपल्याला रोजचा आहे. वाचकाला तो बहुतेक वेळा कळत नाही, पण तो कोरा सोडत नाही, ‘चांगली’वर खूण करतो. मग २० ते ३० जणांवर पूर्वचाचणी घ्या. त्यानंतर प्रश्न बदललेत तर ती उत्तरं मुख्य अभ्यासात मिसळू नका.

प्रसंगाच्या प्रश्नाला आलेल्या मोकळ्या उत्तरांचं वर्गीकरण करताना दोघांनी स्वतंत्रपणे संकेत, म्हणजे प्रत्येक उत्तराला गटाचं नाव, द्यावेत. समजा १०० उत्तरांपैकी ८५ ठिकाणी दोघांचं जुळलं. ऐकायला छान वाटतं. पण दोघांनीही ७० टक्के उत्तरांना ‘संग्रहाची अडचण’ हा संकेत आणि उरलेल्यांना ‘इतर’ दिला असेल, तर नुसत्या योगायोगानेच ०.७ गुणिले ०.७ अधिक ०.३ गुणिले ०.३, म्हणजे ५८ टक्के जुळणी झाली असती. जेकब कोहेन यांचा १९६० चा कॅपा नावाचा निर्देशांक तो योगायोग वजा करतो: ८५ वजा ५८ म्हणजे २७, भागिले ४२, उत्तर ०.६४. ठीक, पण फुशारकीचं नाही. न जुळलेली १५ उत्तरं घेऊन बसा. बहुतेकदा एखाद्या संकेताची व्याख्या सैल असते. व्याख्या दुरुस्त करून पुन्हा संकेत द्या.

ग्रंथमितीचा, म्हणजे प्रसिद्ध झालेल्या लेखनाच्या मोजदादीचा, उल्लेख करायला हवा, कारण माणसांकडे जायचा कंटाळा आला की विद्यार्थी तिकडे वळतात. एखाद्या नियतकालिकाचे दहा वर्षांचे लेख घ्यायचे, वर्षवार, लेखकवार, देशवार तक्ते करायचे. हिशेब बरोबर असतो, फक्त प्रश्न नसतो. प्रश्न असेल तर ही पद्धत ताकदीची आहे. सॅम्युएल ब्रॅडफर्ड यांनी १९३४ मध्ये एखाद्या विषयाचे लेख मोजक्या नियतकालिकांत कसे एकवटतात ते दाखवलं. कोणती वर्गणी चालू ठेवावी यासाठी ते आजही तपासून पाहण्याजोगं आहे. यात बराचसा वेळ साफसफाईत जातो: एकच लेखक आद्याक्षरांनी, पूर्ण नावाने आणि आडनाव आधी अशा तीन रूपांत येतो, एकच लेख दोन डेटाबेसांतून दोनदा येतो. शोधसूत्र, तारीख आणि लावलेल्या चाळण्या त्याच दिवशी लिहून ठेवा. महिन्याने तेच सूत्र चालवलं तर आकडा वेगळा येतो, आणि परीक्षक नेमकं तेच विचारतात.

सॉफ्टवेअरसाठी सुरुवातीला साधी स्प्रेडशीट पुरते. शेकडेवारी, मध्यक, दोन चलांचा (बदलत्या गोष्टींचा, जसं शाखा आणि समाधान) छेदतक्ता, मग काय-वर्ग चाचणी (त्यांचा संबंध नुसता योगायोग आहे का हे तपासणारी), या क्रमाने शिका. काय-वर्ग चाचणीत बऱ्याच चौकटींत अपेक्षित संख्या पाचपेक्षा कमी असेल तर निकालावर विसंबू नका. गट एकत्र करा. एसपीएसएस किंवा आर या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरांची गरज चलं वाढल्यावर लागते. आर मोफत आहे. त्याहून महत्त्वाच्या सवयी अशा: मूळ फाइलला हात लावायचा नाही, काम प्रतीवर करायचं, प्रत्येक रकान्याचा अर्थ वेगळ्या पानावर लिहायचा. उत्तर दिलं नाही, उत्तर शून्य आहे आणि प्रश्न लागूच नाही, या तिन्हींना वेगळ्या खुणा द्यायच्या. न दिलेल्या उत्तराला ९९ लिहून तेच सरासरीत घेतल्यामुळे वाचकांचं वय वाढलेलं बऱ्याच प्रबंधांत दिसतं.

देवघेवीच्या नोंदी घेताना सभासद क्रमांक आणि नाव तुमच्या फाइलमध्ये येताच कामा नये. कोण काय वाचतो हे ग्रंथालयाने जपायचं असतं. गटात पाचपेक्षा कमी माणसं असतील तर तो आकडा स्वतंत्र छापू नका. नाव नसलं तरी ओळख पटते.

वेळेचं म्हणाल तर आठवड्याला पाच-सहा तास धरून साधारण बारा आठवडे. पहिले दोन एकाच प्रश्नावरचे आठ-दहा लेख वाचण्यात, आणि वाचायचं ते पद्धतीच्या भागापासून: यांच्या तक्त्यातली ओळ कोणती, नमुना कुठून आला, कोण सुटलं. निष्कर्ष नंतर. पुढचे चार पुस्तकांच्या सरावाला, त्यानंतरचे तीन प्रश्नावली घडवण्याला आणि पूर्वचाचणीला, शेवटचे तीन विश्लेषणाला. प्रश्नावल्या वाटून परत मिळवायचा महिना-दीड महिना यात धरलेला नाही. तो वेगळा ठेवा.

मार्गदर्शकांनी विषय मंजूर केलेला असल्यामुळे तो बदलायची गरज नाही, अरुंद करा. ‘संदर्भ कक्षात विचारलेल्या प्रश्नांना त्याच भेटीत उत्तर मिळतं का, आणि न मिळण्याची कारणं कोणती’ हे ‘वाचकांचे समाधान’ या शीर्षकाखाली सहज बसतं. पुढच्या भेटीला जाताना प्रश्नावलीचा मसुदा नेऊ नका. एका पानावर हा प्रश्न, त्याखाली रिकामा तक्ता आणि प्रत्येक रकान्यासमोर ती माहिती कुठून मिळणार ते लिहून न्या. ज्या रकान्यासमोर ‘वाचकाला विचारून’ असं लिहावं लागेल, तेवढेच प्रश्न प्रश्नावलीत येतील. बहुधा ते आठ-दहाच्या वर जाणार नाहीत.